सांगलीतला रविवारचा वाचनवर्ग : आठ रविवार, सातशे रुपये आणि उपऱ्यांच्या गोष्टी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मार्केट यार्ड बंद आहे म्हणून बसले. सांगलीत एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी वाचनवर्ग चालतो. मी आत्ता जी बॅच केली तिचा विषय होता बायबलातल्या जुन्या इब्री (हिब्रू, म्हणजे ज्यूंचे पूर्वज) लोकांच्या सुटकेच्या गोष्टी आणि त्यातली बाहेरची माणसं. आठ रविवार, दहा ते साडेबारा, फी सातशे रुपये, त्यात एक झेरॉक्सची वही आणि मधल्या सुट्टीत चहा. विषय वाचूनच बरेच जण परत जातात असं काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, आणि आमच्या घरीपण पहिला प्रश्न हाच आला की हे धर्मांतराचं वगैरे काही नाही ना. ज्यांना तोच प्रश्न असेल त्यांना आधीच सांगते, नाही. शिकवणारे सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक आहेत, आठ रविवारांत त्यांनी एकदाही कुणाला काही मानायला सांगितलं नाही, प्रार्थना नाही, गाणी नाहीत. एक तुकडा मोठ्यानं वाचायचा, त्यातला शब्द धरून बसायचं, आणि मग ज्याला जे खटकतंय ते त्यानं बोलायचं, एवढंच.

आम्ही बावीस जण होतो. मिरजेच्या एक निवृत्त सिस्टर होत्या, ख्रिस्ती घरातल्या, त्यांना या गोष्टी लहानपणापासून पाठ. वाळव्याकडचे एक ऊसवाले काका, एक वकील, कॉलेजच्या दोन मुली, बाकी आमच्यासारखे इकडचे तिकडचे. मी अडत दुकानात हिशेब लिहिते, या विषयातलं मला काहीच माहीत नव्हतं. मोशेनं समुद्र दुभंगला एवढं टीव्हीवर बघितलेलं, तेवढ्यावर गेले.

पहिल्याच रविवारी सरांनी 'इब्री' हा शब्द घेतला. हा शब्द 'ओलांडणं' या धातूवरून आला असं बरेच अभ्यासक मानतात, म्हणजे इब्री म्हणजे पलीकडचा, नदीपलीकडून आलेला. आणि गंमत नाही पण खरंच लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की त्या ग्रंथांत हा शब्द जास्त करून परके लोक त्यांच्याबद्दल वापरतात, नाहीतर ते स्वतः परक्यांशी बोलताना वापरतात. आपसात ते स्वतःला इस्राएलची लेकरं म्हणतात. म्हणजे आपण ज्याला एका जमातीचं नाव समजतो ते मुळात दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव दिसतं. सर म्हणाले, आयर्विन पुलावरून सांगलीवाडीकडं बघून आपण 'पलीकडचे' म्हणतो ना, तसं. सांगलीवाडीचे एक जण मागं बसले होते, ते लगेच म्हणाले आमच्या दृष्टीनं तुम्ही पलीकडचे. तिथून वर्गात जीव आला.

दुसरा शब्द गेर. म्हणजे बाहेरून येऊन तुमच्यात राहणारा, ज्याची तिथं वडिलोपार्जित जमीन नाही, मागं भाऊबंद नाहीत, गावात वजन नाही. नोख्री वेगळा, तो व्यापाराला वगैरे येऊन जाणारा परका. गेरला मराठी शब्द कुठला यावर सरांनी फळ्यावर 'परदेशी' लिहिलं, मग खोडलं आणि 'उपरी' लिहिलं. पूर्वी आपल्या गावांत मिरासदार आणि उपरी असा फरक असायचा, मिरासदाराचा जमिनीवर पिढीजात हक्क आणि उपरी बाहेरून येऊन कसणारा, त्याला तो हक्क नाही. हे ऐकल्यावर मला पुढचे सात रविवार वही उघडायच्या आधीच अर्ध कळत होतं, कारण मी उपऱ्याचीच मुलगी आहे.

आमचे वडील गलाईवाले. विट्याकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, खानापूर आटपाडीकडच्या दुष्काळी पट्ट्यातून हजारो घरं देशभर पांगलीत, सोनंचांदी गाळायच्या धंद्यात. सोनाराच्या दुकानातली झाडलोटसुद्धा विकत घ्यायची, भट्टीत मुशीत घालायची आणि त्यातून धातू वेगळा काढायचा. आमचं दुकान आंध्रात राजमुंद्रीला होतं. माझा जन्म तिथला.

तर दुसऱ्या रविवारी सुइणींची गोष्ट आली. फारो, म्हणजे मिसरचा (इजिप्तचा) राजा, हुकूम देतो की इब्री बाईला मुलगा झाला तर बाळंतपणाच्या जागीच मारून टाका, आणि शिप्रा आणि पुवा नावाच्या दोन सुइणी ते करत नाहीत. विचारल्यावर सांगतात की या बायका चिवट आहेत, आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात. आता या दोघी कोण? मूळ हिब्रूत जे शब्द आहेत त्यांचा अर्थ 'इब्री सुइणी' असाही होतो आणि 'इब्री बायकांच्या सुइणी' असाही होतो. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस त्यांना सरळ मिसरी बायका म्हणतो. सरांनी निकाल दिला नाही, पण विचारलं की फारो आपला असला हुकूम त्याच जमातीच्या बायकांना देईल का, आणि दिलाच तर त्या पाळतील अशी आशा ठेवेल का. मला तरी त्या मिसरीच वाटतात. आणि अजून एक, या सगळ्या गोष्टीत फारोचं नाव कुठंच नाही. एवढा मोठा राजा, त्याचं नाव लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही, सुइणींची दोन्ही नावं लिहिली.

त्या दिवशी घरी येऊन मी आईला विचारलं, माझ्या वेळी कोण होतं गं. ती म्हणाली, शेजारची मंत्रसानम्मा, तेलुगूत सुईणीला मंत्रसानी म्हणतात म्हणून सगळे तिला तेच म्हणायचे. पावसाळ्याची रात्र, वडील माल घेऊन बाहेरगावी, आईला तेलुगू चार शब्द येत होते आणि त्या बाईला मराठी एकही नाही. आई सांगते तिनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि स्वतः मोठ्यानं श्वास घेऊन दाखवला, असा घे म्हणून, रात्रभर ती माझ्याबरोबर श्वास घेत होती. सकाळी पैसे दिले ते घेतले नाहीत, आईच्या हातची भाकरी मागून घेतली, तिला ज्वारीची भाकरी आवडायची. मी विचारलं तिचं खरं नाव काय. आई बराच वेळ विचार करत बसली. नाहीच आठवलं. हे मी पुढच्या रविवारी वर्गात सांगितलं, तर मिरजेच्या सिस्टर म्हणाल्या की माझ्या पूर्ण सर्व्हिसमध्ये मी किती बाळंतपणं केली असतील, माझं नाव विचारणाऱ्या बायका बोटावर मोजण्याइतक्या, आणि ते ठीकच आहे, पण लिहिणाऱ्यानं लिहिलं पाहिजे.

यानंतर मोशेचे दोन रविवार गेले आणि ते सगळ्यात चांगले गेले. मला वाटायचं मोशे म्हणजे इब्री लोकांचा पुढारी, आतला माणूस. पण नीट वाचलं तर तो कुठंच आतला नाही. त्याला नदीतून काढलं फारोच्या मुलीनं, म्हणजे ज्या घरातून मारायचा हुकूम निघाला त्याच घरातल्या बाईनं. नावपण तिनंच ठेवलं. हिब्रूत त्याचा संबंध पाण्यातून ओढून काढण्याशी लावलाय, पण मिसरी भाषेत मोसे म्हणजे जन्मलेला, मूल, थुतमोस या राजाच्या नावात आहे तेच. पुढं तो खून करून पळतो, मिद्यान नावाच्या परमुलखात विहिरीवर पोरींना मदत करतो, आणि त्या घरी जाऊन बापाला काय सांगतात, एका मिसरी माणसानं आम्हाला वाचवलं! म्हणजे मिसरात तो इब्री, इब्री लोकांत तो राजवाड्यातला, आणि मिद्यानात मिसरी. तिथंच त्याचं सिप्पोराशी लग्न होतं, मुलगा होतो, त्याचं नाव गेर्षोम ठेवतो. त्यात तोच शब्द बसलाय, गेर. मी परक्या देशात उपरा झालो म्हणून पोराचं नाव तसं.

मी अकरा वर्षांची असताना आम्ही सांगलीला परत आलो. माझं मराठी घरातलं होतं पण हेल तेलुगू, शाळेत वर्षभर मला मद्रासी म्हणायचे. राजमुंद्रीत आम्ही मराठीवाले आणि इथं मद्रासी. ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं. गेर्षोमचं नाव फळ्यावर आलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं, शेजारच्या मुलीनं न बोलता पाण्याची बाटली पुढं केली.

मोशेचा सासरा इथ्रो, तो मिद्यानी पुरोहित. इब्री लोक मिसरातून सुटल्यावर तो भेटायला येतो आणि बघतो की जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलाय, बाहेर रांग. तो म्हणतो असं केलंस तर तूपण मोडशील आणि लोकपण. हजारावर, शंभरावर, पन्नासावर, दहावर माणसं नेम, मोठं प्रकरण तेवढं तुझ्याकडं येऊ दे. सिनाय डोंगरावर कायदा मिळायच्या आधीच न्यायाची व्यवस्था बसवून दिली ती बाहेरच्या माणसानं, मिद्यानाच्या पुरोहितानं. वकील साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी चहाच्या वेळीपण तोच विषय लावून धरला.

आता तक्रारी. हॉल वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होतो. सिस्टर दर रविवारी मधल्या वळणावर खिडकीत बसून दम घ्यायच्या आणि मग वर यायच्या. माइक घुमतो, पंखे चालू असले की मागच्या दोन रांगांना निम्मं ऐकू येत नाही. वेळ पाळत नाहीत, साडेबाराचा वर्ग सव्वा एकपर्यंत जातो, ज्यांना एसटी गाठायची असते ते चुळबुळ करत बसतात. आणि झेरॉक्सची वही अगदीच वाईट, डावीकडची अक्षरं कापलेली, काही पानं इतकी फिकट की उन्हात धरावी लागतात. सातशे रुपये घेता तर पन्नास रुपये जास्त घ्या पण वही नीट द्या. मी फॉर्मवर लिहून दिलंय.

इतिहासाबद्दल एक. सरांनी तिसऱ्या रविवारीच स्पष्ट सांगितलं की मिसरातून एवढा लोकसमुदाय बाहेर पडल्याची नोंद मिसरच्या लेखांत सापडलेली नाही. इस्राएल हे नाव मिसरी लेखात येतं ते मर्नेप्ता राजाच्या शिलालेखात, इसवी सनपूर्व १२०८ च्या सुमाराचा, पेट्री यांना १८९६ साली थीब्जला सापडला, आणि त्यातही राजा बढाई मारतो की इस्राएल संपला, त्याचं बी उरलं नाही. काही जण यावर नाराज झाले, मग ही गोष्ट खोटीच का म्हणून. सरांचं म्हणणं असं की आपण इथं गोष्टीत काय ठेवलंय आणि का ठेवलंय ते वाचतोय. मला ते पटलं. एखाद्या जमातीला आपली गोष्ट रचायचीच असती तर सगळे आपलेच शूर आणि बाहेरचे दुष्ट असं सोपं रचता आलं असतं, यांनी तसं केलं नाही.

कारण बाहेर पडतानासुद्धा एकटे इस्राएल पडत नाहीत. निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात अर्ध्या ओळीत येतं की त्यांच्याबरोबर मिश्र समुदायही निघाला. हिब्रूत एरेव राव. म्हणजे मिसरातले इतर दबलेले, कुणाकुणाचे गुलाम, नवऱ्याबरोबर बायको, जे कोण असतील ते. आणि लगेच त्याच अध्यायात नियम की देशातला आणि उपरी, दोघांना एकच कायदा. कॉलेजच्या एका मुलीनं विचारलं की मग पुढं या लोकांचं काय झालं. पुढं वाळवंटात खाण्यापिण्याची कुरकुर झाली की पहिलं बोट त्यांच्याकडंच दाखवलंय, गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात. माझ्या मनात लगेच आलं की सोसायटीचं पाणी गेलं की भाडेकरूंवर जातं तसं.

याच रविवारी सरांनी एक छापील चित्र मोबाईलवर दाखवलं जे मी विसरणार नाही. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या सणाच्या, रात्री ज्यू घरांत सुटकेची गोष्ट वाचतात त्या पोथीला हग्गादा म्हणतात, आणि आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्राएल लोक, ती मराठीतून वाचायचे. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासकट छापलेली हग्गादा आहे, तिच्यात बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका दाखवल्यात त्या आपल्याकडच्या बायकांसारख्या, लुगड्यात, जमिनीवर बसून. हे लोक तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे, आणि आडनावं पेणकर, केहिमकर अशी गावावरून. जहाज फुटून अलिबागजवळ नवगावला लागलो, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची आठवण आहे. म्हणजे फारोच्या दारात उपरे होतो ही गोष्ट ते कुठल्या भाषेत सांगत होते, तर उपरे म्हणून येऊन जी भाषा आपली केली त्या मराठीत. मला यावर अख्खा एक रविवार हवा होता, मिळाली जेमतेम वीस मिनिटं.

पाचवा रविवार कायद्याचा. मला वाटलं हा कंटाळवाणा जाणार, आणि याच्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. उपऱ्याला छळू नका, कारण तुम्ही मिसरात उपरे होता, हे परत परत येतं. तालमूद या जुन्या ग्रंथात ज्यू पंडितांनी मोजदादच केलीय की उपऱ्याबद्दलची ताकीद छत्तीस वेळा आहे, काहींच्या मते शेहेचाळीस. एका ठिकाणी तर असंय की मिसरी माणसाचासुद्धा तिटकारा करू नका, कारण त्याच्या देशात तुम्ही उपरे म्हणून राहिलात. ज्यांनी पोरं नदीत टाकली त्यांच्याबद्दल हे!

मग सरवा. शेतातलं पीक काढताना पेंढी विसरली तर परत जाऊन उचलायची नाही, बांधाच्या कडेपर्यंत कापायचं नाही, द्राक्षाचा मळा दुसऱ्यांदा तोडायचा नाही, ते उपऱ्याचं, पोरक्याचं, विधवेचं. तासगावकडचे एक जण होते त्यांनी द्राक्षाचं ऐकून मान हलवली. मला माझी आजी आठवली, भुईमूग काढल्यावर सरव्याला बायका यायच्या, आजी तोंडानं ओरडायची, अजून आमचंच व्हायचंय आणि आल्या लगेच, पण गड्यांना सांगून ठेवायची की बांधाकडच्या दोन ओळी झटकू नका. तिला हा कायदा कुणी सांगितला नव्हता. फक्त तिथं एक फरक आहे तो सरांनी दाखवला, आजी देत होती ते तिच्या मनावर होतं, आणि या कायद्यात तो सरवा मालकाचा नाहीच, तो आधीपासून त्यांचा आहे.

आणि मग बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायातली ती ओळ आली की मालकाकडून पळून तुमच्याकडं आलेल्या गुलामाला परत मालकाच्या हवाली करू नका, त्याला आवडेल त्या गावात राहू द्या. वाळव्याचे काका सरळ माणूस आहेत, ते म्हणाले हे नाही जमायचं. आमच्या फडात बीडकडच्या टोळ्या येतात, मुकादमानं त्यांना हंगामाच्या आधी उचल दिलेली असते, एका कोयत्याला म्हणजे नवराबायकोच्या जोडीला मोठी रक्कम, तो पळून गेला तर मुकादम बुडाला, मुकादम बुडाला की आमचा ऊस रानात वाळला. पळालेल्याला शोधायला माणसं पाठवावीच लागतात. कुणी त्यांच्यावर ओरडलं नाही. सरांनी एवढंच विचारलं, तो पळतो कधी? काका गप्प बसले, मग म्हणाले, बायको आजारी पडली की, नाहीतर हिशेब फिटतच नाही असं दिसलं की. त्याच ग्रंथात अजून एक आहे, सहा वर्षं राबलेल्या इब्री गुलामाला सातव्या वर्षी सोडताना रिकाम्या हातानं सोडायचं नाही, कळपातलं, खळ्यावरचं, द्राक्षकुंडातलं भरपूर द्यायचं, कारण तूही गुलाम होतास. काकांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढं त्यांनी काय केलं ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही.

त्या दिवशी घरी येताना रस्त्याकडेला कोप्या पडलेल्या तिथं एक बाई वाढ्याच्या पेंढ्या रचून विकत बसली होती. आमच्याकडं जनावर नाही, तरी गाडी थांबवली. कुठल्या मावशी तुम्ही, विचारलं तर म्हणाली बीडकडच्या, आणि मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, तुमी हितल्याच का बाई? मला पटकन हो म्हणता आलं नाही. तिचं पोरगं मागं उसाचं टिपरू सोलत होतं, दातानं.

आता तो रविवार ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. इथपर्यंत ऐकून असं वाटतं की किती चांगल्या गोष्टी, बाहेरचा माणूस दार उघडतो आणि आतला माणूस उपकार लक्षात ठेवतो. सहाव्या रविवारी सरांनी ते सगळं उलटं करून समोर ठेवलं. सुरुवात हागारपासून. ती इब्री लोकांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याच्या घरातली मिसरी दासी, मालकीण सारा तिला इतकी गांजते की ती पोटुशी असताना वाळवंटात पळून जाते. तिला गांजण्यासाठी हिब्रूत जे क्रियापद वापरलंय तेच पुढं मिसरी लोक इस्राएलांना गांजतात तिथं आलंय. म्हणजे मिसरातून इब्री पळाले त्याच्या कितीतरी आधीच्या गोष्टीत इब्री घरातून एक मिसरी बाई पळालीय. आणि तिचं नाव हागार, कानाला 'हा गेर' सारखं, तो उपरा. वहीतलं नेमकं ते पान फिकट होतं म्हणून सिस्टरनी पर्समधलं त्यांचं स्वतःचं पुस्तक काढलं आणि वाचलं. दुसऱ्या वेळी तिला पोरासकट हाकलतात, खांद्यावर भाकरी आणि पाण्याची मसक, पाणी संपतं, ती पोराला झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते, पोर मरताना बघायला नको म्हणून. इथं सिस्टर थांबल्या. म्हणाल्या, हे मी पन्नास वेळा वाचलंय, पण दर वेळी साराच्या बाजूनं वाचलंय. मग चष्मा पुसला आणि पुढचं वाचलं, विहीर दिसते तिथपर्यंत.

त्याच रविवारी यरीहो आलं, इस्राएलांनी चाल करून घेतलेलं कनानी गाव. राहाब ही वेश्या, गावकुसाला लागून घर, ती इस्राएलांच्या हेरांना लपवते, ते सांगतात तसा खिडकीला लाल दोर बांधते आणि तिचं घर वाचतं. बाकी सगळं गाव, म्हातारे, बायका, पोरं, मारली असं लिहिलंय. जवळच्याच गिबोन गावचे लोक फाटक्या गोण्या आणि बुरसटलेल्या भाकरी दाखवून, आम्ही लांबून आलोय असं खोटं सांगून जीव वाचवतात आणि कायमचे लाकूडतोडे आणि पाणके होऊन राहतात. मिद्यान, जिथं मोशेला भाकरी मिळाली, जिथली त्याची बायको, त्याच मिद्यानावर गणनाच्या एकतिसाव्या अध्यायात भयंकर कत्तल आहे. आणि वकील साहेबांनी लेवीय या पुस्तकातलं काढलं की इब्री भाऊबंदाला गुलामासारखं राबवायचं नाही, पण परक्यांतून गुलाम विकत घेता येतील, ते पोरांना वारसानं देता येतील, कायमचे. छत्तीस वेळा सांगणाऱ्याच ग्रंथात हे आहे.

सरांनी सांगितलं की कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ यरीहोत उत्खनन केलं आणि मोशेनंतरचा पुढारी यहोशवा, त्याचा म्हणून जो काळ धरतात त्या काळची पडलेली तटबंदी तिथं सापडली नाही. कुणीतरी सुटल्यासारखं म्हणालं, म्हणजे झालंच नाही. सर म्हणाले तेवढ्यानं सुटका नाही, झालं नसेल तरी कुणीतरी ते अभिमानानं लिहिलं आणि नंतर बऱ्याच जणांनी दुसऱ्यांच्या जमिनीत शिरताना ते वापरलं. माझ्या मते या वर्गाची खरी किंमत इथं आहे. गोड तेवढं शिकवून सर मोकळे होऊ शकले असते, आम्ही टाळ्यापण वाजवल्या असत्या. सुटलेला माणूस दुसऱ्याचं काय करतो हा प्रश्न त्यांनी झाकला नाही, आणि त्याचं उत्तरही स्वतःच्या खिशातून काढून दिलं नाही.

राहिलेले दोन रविवार भरभर गेले. याएल केनी बाई, बाहेरचीच, तिनं इस्राएलांच्या शत्रूच्या सेनापतीला, सीसराला, दूध पाजून तंबूची मेख मारली, ती गोष्ट मला आवडली नाही. रूथ खूप आवडली. मवाबी, म्हणजे शेजारच्या परक्या मुलखातल्या, माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नका असा कायदा आहे आणि तीच मवाबी रूथ सासूचा हात न सोडता येते, बवाजाच्या रानात सरवा वेचते आणि दावीद राजाची पणजी होते. दुसऱ्या बाजूला एज्रा या धर्मगुरूच्या वेळी परक्या बायका पोरांसकट घराबाहेर काढल्या. दोन्ही एकाच ग्रंथसंग्रहात. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) कैदेतून सोडवतो तो कोरेश, पर्शियाचा राजा, इसवी सनपूर्व ५३९ मध्ये बाबेल घेतलं, त्याला यशयाच्या पुस्तकात चक्क अभिषिक्त म्हटलंय, मशीहा, तोच शब्द, एका परक्या राजाला. आणि शेवटी आमोस, संदेष्टा. तो देवाच्या वतीनं स्वतःच्याच लोकांना विचारतो की तुम्ही मला कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या, लोकांसारखेच नाही का, इस्राएलला मी मिसरातून आणलं तसं पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अरामी लोकांना कीरहून आणलं नाही का. पलिष्टी म्हणजे कट्टर वैरी. त्यांचीपण सुटका आहे, त्यांचीपण आठवण आहे, फक्त ती आपल्या पोथीत नाही. सरांनी हे वाचून पुस्तक मिटलं तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती आणि एसटीवालेपण उठले नाहीत.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो वहीसाठी आणि माइकसाठी. पार्किंग खाली आहे पण दुचाकीपुरतंच, चारचाकीनं येऊ नका. चहा चांगला असतो, आल्याचा. विद्यार्थ्यांना फी निम्मी आहे, ते बोर्डावर लिहिलेलं नाही, काउंटरवर विचारावं लागतं. पुढच्या खेपेला येणाऱ्यांनी आपापलं जाड अक्षराचं पुस्तक आणावं, वहीच्या भरवशावर राहू नये, आणि शक्यतो पहिल्या तीन रांगांत बसावं.

फॉर्मवर शेवटी सूचना म्हणून रकाना होता. तिथं मी लिहिलंय की पुढच्या बॅचला नववा रविवार ठेवा, कनानी लोकांचा, यरीहोच्या त्या लाल दोर नसलेल्या घरांचा. सिस्टरनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि त्यांच्या फॉर्मवर तेच लिहून खाली सही केली.